किल्ल्या वाजल्या नाहीत

ऐकून ऐकून माणूस दमतो, हे कोणाला सांगून पटत नाही. ओझी वाहून आलेल्याला लोक पाणी विचारतात, जरा टेका म्हणतात. खुर्चीत बसून नुसतं ऐकणाऱ्याला कोण विचारणार? मामा एकतीस वर्षं असे बसून ऐकत होते आणि आता कानच काय, त्यांचं सगळं अंग दुखत होतं. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मामा ते मोजत नव्हते, नुसते ढकलत होते.

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाच्या किल्ल्या ज्यांच्या हातात, ते मामा. कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. खरं तर त्यांना सख्खी काय, चुलत बहीणसुद्धा नव्हती, पण भाच्यांची फौज सगळी पदवीधर. काम म्हणाल तर सरळ होतं. कुलूप काढायचं, पडदे ओढायचे, माईकवर बोटाने टकटक करून बघायचं, वक्त्याच्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा आणि चारशे बारा खुर्च्या रांगेत आहेत ना ते पाहायचं. त्यातल्या नऊ मोडक्या होत्या. त्या कुठल्या ते मामांना पाठ होतं आणि तिथे ते कोणालाही बसू देत नसत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी तिथे सर्वांसाठी व्याख्यान असे. विद्यापीठातले प्राध्यापक आपलं संशोधन गावातल्या साध्या माणसांना समजावून सांगत. निदान सांगत तरी. सुरुवातीच्या काळात लोक येत, अर्धा तास सोशीकपणे बसत आणि मग एकेक करून घरी दूध तापवायला जात.

हे बदललं ते भूगर्भशास्त्राच्या म्हाताऱ्या सरांमुळे. एका गुरुवारी दुपारी ते रिकाम्या सभागृहात रंगीत तालीम करत होते आणि मामा तिसऱ्या रांगेत एका खुर्चीचा स्क्रू आवळत होते. तालीम संपल्यावर सरांनी विचारलं, "काय मामा, कळलं का?"

"कळलं की सर."

"कुठपर्यंत?"

मामा तेव्हा तरुण होते आणि खोटं बोलायची सवय नव्हती. "नमस्कार म्हणालात ना, तिथपर्यंत," ते म्हणाले.

सर चिडले नाहीत. मंचाच्या काठावर पाय सोडून बसले आणि म्हणाले, "मी परत सांगतो. जिथे सुटेल तिथे मला थांबवायचं."

"साहेब बोलत असताना मध्ये तोंड घालणं बरं नाही दिसत."

"मग तोंड घालू नका. त्या किल्ल्या आहेत ना हातात, त्या वाजवा."

त्या दुपारी किल्ल्या सव्वीस वेळा वाजल्या. सरांच्या नाकी नऊ आले, पण शनिवारी एक माणूस जागचा उठला नाही. तेव्हापासून ती रीतच पडली. शनिवारी ज्याचं व्याख्यान, त्याने गुरुवारी चार वाजता मामांपुढे उभं राहायचं. मामा तिसऱ्या रांगेत बसणार, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. जिथे गोष्ट डोक्यावरून गेली तिथे जुडगा खणखणणार आणि वक्त्याने तेवढं पुन्हा, वेगळ्या तऱ्हेने सांगायचं. काही जणांनी नाकं मुरडली. शिपायाने आमची परीक्षा घ्यायची का, म्हणाले. पण ज्यांनी मुरडली त्यांच्या व्याख्यानाला लोक पुन्हा दूध तापवायला जायला लागले, तेव्हा तेही मुकाट गुरुवारी हजर झाले. पुढे पुढे तर कार्यालयातून येणाऱ्या कागदावरच छापून यायचं, 'गुरुवार, दुपारी चार: किल्ल्या.'

त्या दिवसांत मामा घरी आले की ऐकलेलं सगळं मामीला सांगत. मामी खिडकीशी मशीन मांडून लोकांच्या कपड्यांची कामं करायची, पँट आखूड करणं, झिप बदलणं, उसवलेलं शिवणं. मशीन चालू ठेवूनच ती ऐकायची. मुंग्या वाट कशी शोधतात, तारा म्हातारा झाला की काय होतं, समुद्राखालचे डोंगर कोणी मोजले. मध्येच म्हणायची, "थांबा, हे पुन्हा सांगा. मुंगीला कसं कळलं?" मग मामा डाळीचे दाणे मांडून दाखवायचे. लग्न होऊन दूर गेलेली त्यांची मुलगी अजून सांगते, की आमच्या घरी रेडिओची गरजच नव्हती.

ते कधी बंद झालं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. व्याख्यानं वाढली, गुडघे दुखायला लागले. मामा घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसत. मामी विचारायची, "आज काय होतं?" मामा म्हणायचे, "नेहमीचंच." असं पाच-पन्नास वेळा झाल्यावर मामीने विचारणं सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही. दमलेल्या माणसाला त्रास कशाला द्या, एवढंच.

तर त्या महिन्याच्या गुरुवारी चालण्याच्या मॅडम आल्या. त्यांच्या विभागाचं खरं नाव लांबलचक होतं, पण त्या माणसाच्या चालण्याचा अभ्यास करायच्या म्हणून सगळे त्यांना चालण्याच्या मॅडम म्हणत. वय पस्तिशीचं, हातात कागदांचा गठ्ठा आणि डोळ्यांखाली काळं. माणसं उतारवयात का पडतात, हा त्यांचा विषय. दगडाला ठेचकाळून नव्हे, घरातल्या सपाट फरशीवर, काही कारण नसताना.

"मामा, सगळं या शनिवारवर आहे," सुरू करण्याआधीच त्या म्हणाल्या. "पंचावन्नच्या पुढची दीडशे माणसं हवीत मला. तीन वेळा यायचं आणि एका चटईवर चालून दाखवायचं. दोन वर्षांत तेवीस मिळाली. महिनाअखेर दीडशे अर्ज झाले नाहीत तर समिती खोली काढून घेणार, यंत्रं दुसऱ्या विभागाला देणार. म्हणजे संपलंच."

"होईल मॅडम. सुरू करा."

मॅडम पन्नास मिनिटं बोलल्या. चेतातंतू, अनुमस्तिष्क, स्थितिसंवेदना, प्रमाण विचलन, तीन आलेख. मामा ऐकत होते. चेतातंतू त्यांना आठ वर्षांपूर्वीच्या व्याख्यानातून माहीत होते. अनुमस्तिष्क म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूचा तोल सांभाळणारा भाग, ते तर दोनदा होऊन गेलं होतं. प्रमाण विचलन संख्याशास्त्राच्या सरांनी चपलांच्या मापांवरून असं काही समजावलं होतं, की विसरायची सोय नव्हती. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ज्यांचा तोल जायला लागतो, ती माणसं सहसा घरात सांगत नाहीत. कशाला ना कशाला धरून चालतात आणि काही झालंच नाही असं दाखवतात. घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही."

मामांनी मान डोलावली. हेही कळलं. किल्ल्या मांडीवर तशाच पडून होत्या.

"एकदाही नाही?" मॅडमना खरं वाटेना.

"एकदाही नाही."

मॅडम धपकन पहिल्या रांगेत बसल्या आणि हसल्या. मामांनाही बरं वाटलं. थोडं मॅडमसाठी आणि, लपवायचं कशाला, थोडं लवकर सुटका झाली म्हणून.

शनिवारी एकशे साठ माणसं आली. दारातल्या टेबलावर अर्जांची चळत आणि दोन डझन पेनं. मॅडमनी सुरुवात केली आणि दहाव्या मिनिटाला मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मामांच्या लक्षात आलं, की काहीतरी बिनसलंय. ही लक्षणं त्यांच्या ओळखीची होती. बाया कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत होत्या, मग घडीची घडी. पुरुष छताचे पंखे मोजत होते. कोणी खोकत नव्हतं. कळेनासं झालं की माणसं फार सभ्य होतात. कोणी उठून गेलंही नाही, हे तर आणखी वाईट. शेवटी सगळ्यांनी नीट टाळ्या वाजवल्या आणि टेबलाला वळसा घालून पांगले. मागे सात अर्ज राहिले.

मॅडम एकेक पेन गोळा करत होत्या. "किल्ल्या वाजल्या नव्हत्या मामा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मामांना जेवण तरी गेलं असतं.

रविवार मामांनी आढ्याकडे बघत काढला. मामीने एकदा विचारलं, बरं नाही का. नेहमीचंच, मामा म्हणाले. पोरीचं काम आपण बुडवलं, हे त्यांना टोचत होतं. पण कसं बुडवलं, तेच उमगेना. झोपलो नव्हतो, कामचुकारपणा केला नव्हता, शब्द न् शब्द ऐकला होता. संध्याकाळी पाय पाण्यात सोडता सोडता डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

सोमवारी सकाळी दोन जिने चढून ते मॅडमच्या खोलीत गेले. यंत्रांवर आधीच कापडं टाकून ठेवली होती.

"मॅडम, चूक माझी आहे. मला सगळं कळलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथेच घात झाला. एकतीस वर्षं तुम्हा लोकांचं ऐकतोय. साधा माणूस म्हणून मला बसवलेलं, पण मी साधा राहिलो कुठे? तुम्ही अनुमस्तिष्क म्हणालात आणि मी मान डोलावली. बाहेर कोणाला ठाऊक आहे ते? मी नासलोय मॅडम. माझ्या किल्ल्यांचा आता काही उपयोग नाही."

मॅडमना हसायला आलं, थकलेलं का होईना. "मग आता न कळणारं माणूस आणायचं कुठून?"

"महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सभागृह मोकळं आहे. बक्षीस समारंभ रद्द झालाय. ते मी बघतो. आणि माणसाचं म्हणाल तर आमची मंडळी आहे. हुशार आहे, पण ही असली भाषा तिच्या कानावर नाही. मी सहा वर्षांत तिला काही म्हणजे काही सांगितलेलं नाही."

बायकोची शिफारस म्हणून ते हे बोलले होते. जिना उतरताना ते वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं आणि मधल्या वळणावर ते जरा थांबले.

बुधवारी दुपारी मॅडम घरी आल्या. मामीने पलंगावरचे कापडाचे तुकडे उचलून जागा केली. मामांनी तिच्यापुढे किल्ल्या धरल्या, तर म्हणाली, "मला कशाला तुमच्या किल्ल्या? माझी कात्री आहे." आणि मशीनपाशी बसली.

तिसऱ्या मिनिटाला कात्री मशीनच्या फळीवर आपटली. मग पाचव्या. मग मॅडमनी आलेख बाहेर काढायच्या आतच. मॅडमना घाम फुटला. मामा आतल्या दारात चहाचे कप घेऊन उभे राहिले आणि कित्येक वर्षांनी त्यांना मजा वाटली.

"स्थितिसंवेदना म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "आपला पाय कुठे आहे, हे न बघता शरीराला कळणं."

कात्री. "त्यात कळायचं काय? पाय आहे तिथेच असणार. जातोय कुठे?"

मॅडमनी कागद बाजूला ठेवले. थोडा विचार केला. "मामी, सकाळी तोंड धुता. साबण लावला की डोळे मिटता. त्या वेळी काय होतं?"

कात्री वाजली नाही. मामीने मशीनवरचा दोरा उगाच ओढला.

"काय होणार," ती म्हणाली. "बेसिन धरते मी."

"का धरता?"

"नाही धरलं तर पुढे जाते. एका हाताने तोंड धुवायचं, दुसऱ्याने धरायचं. सवय झालीय आता."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. जास्तच असतील."

मॅडमनी मामांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मामांच्या डोळ्यांसमोर घर उभं राहिलं, त्यांचंच घर, दोन खोल्यांचं. जाता-येता खुर्च्या सरळ करायची मामीची खोड. खोलीतून जाताना प्रत्येक खुर्चीच्या पाठीला तिचा हात लागायचा आणि मामा मनात म्हणायचे, माझ्यासारखीच टापटिपीची. कधी मामांनी खुर्ची खिडकीशी नेली, तर ती पुन्हा आणून वाटेत ठेवायची. बाजारात जाणं तिने सोडलं होतं, जिन्याचा कंटाळा येतो म्हणून. कंटाळा तर आपल्यालाही येतो, मामा म्हणाले होते आणि पिशवी उचलली होती. चारशे बारा खुर्च्यांतल्या नऊ मोडक्या ज्याला पाठ, त्याला घरातल्या चार खुर्च्या कशासाठी मांडल्यात ते दिसलं नव्हतं. गुरुवारी हेच तर ऐकलं होतं. मान डोलावली होती. मामांना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत.

मॅडम गेल्यावर त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

मामी सुईत दोरा ओवत होती. "तुम्ही दमून यायचात," ती म्हणाली. "दिवसभर लोकांचं ऐकून आलेला माणूस. त्याला आणखी काय ऐकवायचं?"

तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मामांनी उत्तर दिलं असतं. पण तिने खरंच तसं वाटून म्हटलं होतं.

शेवटच्या शनिवारी मॅडमनी आलेख आणलेच नाहीत. मंचावर येऊन त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "सकाळी तोंड धुताना तुमचा दुसरा हात कुठे असतो?" सभागृहात आधी हसू फुटलं, मग शांतता पसरली. मामा मागच्या भिंतीशी होते. यावेळची शांतता वेगळी होती. पाचव्या रांगेतल्या एका म्हातारबांनी आपला उजवा हात मांडीवरून उचलून पाहिला, जणू त्याला काही विचारायचं होतं. अंधारात भिंत चाचपणं, पँट घालताना कपाटाला टेकणं, रस्त्यात कोणी हाक मारली तर मागे न वळणं, मॅडम एकेक सांगत गेल्या आणि बाया शेजारणीकडे न बघता माना हलवू लागल्या. चेतातंतू आले, तेही आले कसे, तर नळाचं पाणी वरच्या मजल्यावर बारीक येतं, तशी पायांची खबर मेंदूपर्यंत बारीक जाते, असे. ती उपमा मामीची होती.

शेवटी टेबलापाशी रांग लागली. पेनं कमी पडली. एकशे नऊ अर्ज आले. आधीचे धरून एकशे एकोणचाळीस. दीडशेला अकरा कमीच, समिती कुरकुर करणार होती, पण रांगेत उभं राहून स्वतः सगळं बघितलेल्या समितीच्याच सचिवांनी मॅडमना सांगितलं, की खोलीला कुलूप मी लावू देणार नाही. ते स्वतःचाही अर्ज भरून गेले. वय अठ्ठावन्न.

माणसं पांगली. मामी तिसऱ्या रांगेतच बसून होती. गर्दी ओसरल्याशिवाय ती उठणार नव्हती आणि का, ते आता मामांना ठाऊक होतं. ते एक अर्ज घेऊन तिच्या शेजारी बसले आणि चष्मा लावला. नाव लिहिलं, वय छप्पन्न लिहिलं.

"गेल्या वर्षभरात कधी पडलात का?" त्यांनी वाचून दाखवलं.

"दोनदा," मामी म्हणाली.

मामांचं पेन थांबलं.

"लिहा की. दोनदा."

त्यांनी लिहिलं. पुढचा प्रश्न शेवटचा होता. हे घरातल्या कोणाला माहीत आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मामांनी पेन दोन्हीवर नेऊन पाहिलं आणि तसंच मागे घेतलं. दोन्हींतलं एकही खरं नव्हतं.

"ते राहू द्या रिकामं," मामी म्हणाली. "चला, मॅडम खोळंबल्यात. तुम्ही पण दमलायत."

दमले होतेच. गुडघे ठणकत होते, डोकं जड झालं होतं, सकाळपासून पाठ टेकली नव्हती. मंचापाशी मॅडम दिवे घालवायला थांबल्या होत्या. मामांनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली, अर्ज मांडीवर ठेवला आणि मामीकडे वळून बसले.

"कुठे पडलीस?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून सांग."

मामी सांगू लागली. मध्येच वाजू नयेत म्हणून मामांनी किल्ल्या खिशात घातल्या.